जगबुडीचे सिनेमे आणि शेजारचे दार

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या या सदरासाठी गेल्या अंकात आम्ही एक विषय दिला होता : जगाचा अंत दाखवणारे चित्रपट आणि त्यांत सापडलेली साधी माणसे. पत्रे अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आली, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत चित्रपटाच्या आधी विश्वामित्रीचा उल्लेख आहे. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी आणि एरवी आपल्या बडोद्यातून अंग चोरून वाहणारी ही नदी ऑगस्ट 2024 मध्ये 35 फुटांच्या वर गेली, तळमजल्यांत पाणी शिरले, मगरी रस्त्यांवर आणि अंगणांत दिसू लागल्या. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना या चित्रपटांविषयी बोलण्याचा अधिकार इतरांपेक्षा थोडा जास्तच आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : पुरात आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होते आणि आम्ही अडीच दिवस वरच्या मजल्यावरील गुजराती शेजाऱ्यांकडे काढले. तेव्हापासून माझा पंधरा वर्षांचा मुलगा रात्री जेवण झाले की जगबुडीचेच सिनेमे लावून बसतो. सासूबाई म्हणतात की घरात असले काही लावणे अशुभ आहे. मला वेगळीच काळजी वाटते, की त्याच्या मनातला पूर अजून ओसरलेला नाही. त्याला थांबवावे का?
एक वाचिका, कारेलीबाग

उत्तर : थांबवू नये, असे माझे मत आहे. मात्र त्याला एकट्याला पाहू देऊ नये. पूर आला तेव्हा पाणी किती चढणार, वीज केव्हा येणार, जिन्याच्या खालच्या पायरीशी अंधारात काय हलते आहे, यांतले काहीच त्याच्या हातात नव्हते. पडद्यावरचे पाणी तो हवे तेव्हा थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो आणि शेवट आवडला नाही तर बंद करू शकतो. धडपडलेले लहान मूल दुसऱ्या दिवशी आपल्या बाहुलीला मुद्दाम पाडते आणि मग तिला औषध लावत बसते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मोठ्या मुलांचे मनही पुष्कळदा याच वाटेने जाते.

करोनाच्या साथीत अमेरिकेतील 310 जणांची पाहणी करून लिहिलेला एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. भयपट आवडणाऱ्यांना त्या काळात मानसिक त्रास तुलनेने कमी झाला आणि जगबुडीच्या किंवा परग्रहावरील आक्रमणाच्या चित्रपटांचे चाहते साथीला मनाने अधिक तयार होते, असे त्यात आढळले. असे चित्रपट पाहून माणूस खंबीर होतो, की मुळात खंबीर असलेल्यांनाच ते आवडतात, हे या पाहणीवरून ठरत नाही. पण आपला मुलगा काही विपरीत करतो आहे असे समजण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आपण त्याच्या शेजारी जाऊन बसावे आणि चित्रपट संपल्यावर एखादा साधा प्रश्न विचारावा : त्या बाईने घर सोडताना काय बरोबर घ्यायला हवे होते? आपण त्या दिवशी काय विसरलो होतो? मुले अशा प्रश्नांना उत्तरे देतात, कारण त्यांत त्यांना त्यांची भीती विचारलेली नसते. तो पावसाच्या आवाजाने दचकून उठत असेल, झोप उडाली असेल, शाळेत जाण्याचे टाळत असेल किंवा या विषयावर एक शब्दही बोलू देत नसेल, तर मात्र समुपदेशकाला भेटण्यात उशीर करू नये. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगून एवढेच विचारावे, की मनूच्या ओंजळीत आलेल्या लहानशा माशाची गोष्ट त्यांनी नातवाला कधी सांगितली आहे का. तीही जगबुडीचीच गोष्ट आहे, आणि पिढ्यान्पिढ्या आजीनेच ती भात कालवताना सांगितलेली आहे.

प्रश्न : इंग्रजी चित्रपटांत संकट आले की माणसे एकमेकांना तुडवत पळतात, दुकाने लुटतात आणि नायक आपल्या बायकोमुलांना गाडीत घालून निसटतो. पुरात मी हे पाहिले नाही. आमच्या वाड्यात तर उलटच घडले. मग चित्रपट खोटे, की आपण बडोदेकर वेगळे?
एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार

उत्तर : बडोदेकर वेगळे आहेत असे लिहायला मला मनापासून आवडले असते, पण खरे उत्तर याहून चांगले आहे. माणसे बहुतेक सगळीकडे आपल्या वाड्यातल्यासारखीच वागतात. एन्रिको क्वारंटेली या समाजशास्त्रज्ञाने 1963 साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्तींच्या अभ्यासासाठी एक केंद्र उभारले. पुढे 1985 साली ते डेलावेअर विद्यापीठात गेले. भूकंप, पूर, वादळे आणि स्फोट यांच्या जागी जाऊन, माणसांना प्रत्यक्ष भेटून या मंडळींनी अनेक दशके नोंदी केल्या. सैरावैरा पळापळ आणि लुटालूट या गोष्टी आपण समजतो त्यापेक्षा फारच विरळा घडतात, आणि सरकारी मदत पोहोचण्याआधी माणसांना बाहेर काढण्याचे बरेचसे काम शेजारीपाजारीच उरकतात, हे त्यांना पुन्हा पुन्हा दिसून आले. तेव्हा आपण जे पाहिले तेच नेहमीचे आहे. अपवाद पडद्यावर असतो.

यामुळेच अशा चित्रपटांसाठी मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. लाट किती उंच होती हे मी पाहत नाही. शेजारच्या दाराचे काय झाले, ते पाहतो.

'ग्रीनलँड' या 2020 सालच्या चित्रपटाचे उदाहरण घेऊ. धूमकेतूचे तुकडे पृथ्वीवर पडणार असतात. बांधकाम अभियंता असलेल्या नायकाच्या कुटुंबाची सरकारने आश्रयस्थानासाठी निवड केलेली असते आणि त्याच्या शेजाऱ्यांपैकी कोणाचीच निवड झालेली नसते. हे कुटुंब गाडी सुरू करते तेव्हा शेजारची बाई काचेशी येऊन निदान माझ्या मुलीला तरी न्या म्हणून विनवते, आणि गाडी निघून जाते. प्रसंग खरा वाटतो, अंगावर येतो, आणि दिग्दर्शकाने तो टाळला नाही याबद्दल त्याचा मान राखला पाहिजे. परंतु पुढचे दीड तास चित्रपट त्या मुलीला विसरतो, आणि आपणही विसरावे अशी त्याची अपेक्षा असते. मला ते जमले नाही. त्याच चित्रपटात नायकाच्या मुलाला मधुमेह आहे आणि त्याचे इन्सुलिन गाडीत राहून जाते, त्यावरून सगळी ताटातूट होते. पुराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत समोरच्या गच्चीवरून नायलॉनच्या दोरीला बांधलेली निळी बादली खाली येत होती. तीत थेपले होते, दोन मेणबत्त्या होत्या, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले इन्सुलिन होते, कारण वीज नव्हती आणि आमच्या वाड्यातील आजोबांच्या फ्रीजमध्ये पाणी शिरले होते. बादली पाण्याला टेकू नये म्हणून वरच्या बाई दोरी दोन्ही हातांनी वितावितीने सोडत होत्या. असा प्रसंग मोठ्या खर्चाच्या चित्रपटात मला अद्याप दिसलेला नाही.

'2012' या 2009 सालच्या चित्रपटाचा प्रारंभ भारतातील एका खाणीत होतो. पृथ्वीच्या पोटात काय घडते आहे, हे प्रथम एका भारतीय शास्त्रज्ञाच्या लक्षात येते. पुढे जहाजे बांधली जातात, पैसेवाल्यांना जागा मिळतात, आणि ज्याने इशारा दिला तो शास्त्रज्ञ बायकोमुलासह लाटेची वाट पाहत उभा राहतो, कारण त्याला न्यायला कोणी आलेले नसते. चित्रपट दोन मिनिटे हळहळतो आणि पुन्हा नायकाच्या गाडीमागे धावतो.

'डीप इम्पॅक्ट' या 1998 सालच्या चित्रपटात वार्ताहर असलेली नायिका हेलिकॉप्टरमधील स्वतःची जागा लहान मूल असलेल्या सहकारिणीला देते आणि ज्यांच्याशी तिचे वर्षानुवर्षे पटलेले नाही त्या वडिलांकडे समुद्रकिनाऱ्यावर जाते. त्याच चित्रपटात सरकार दहा लाख माणसांना गुहांत आसरा देणार असते. त्यांपैकी दोन लाखांची निवड आधीच झालेली असते, उरलेल्या आठ लाखांसाठी चिठ्ठ्या टाकल्या जातात, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना चिठ्ठीतही जागा नसते. आपल्या पत्रावरून आपण आणि मी त्या यादीत बसत नाही असे दिसते, म्हणून किनाऱ्यावरचे ते दृश्य आपल्याला अधिक जवळचे वाटेल.

आणि ज्यात बॉम्ब दिसतच नाही, असा 1983 सालचा 'टेस्टामेंट'. दिग्दर्शन लिन लिटमन यांचे, आईची भूमिका जेन अलेक्झांडर यांची, आणि त्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले. कॅलिफोर्नियातील लहान गावात एका संध्याकाळी खिडकीतून डोळे दिपवणारा उजेड येतो. त्यानंतर काहीच कोसळत नाही. नवरा कामानिमित्त शहरात गेलेला असतो आणि तो परत येत नाही. गावात रेडिएशन पसरत जाते. शाळेचे नाटक ठरल्याप्रमाणे होते. आई मुलाला अंघोळ घालते, धान्य पुरवून वापरते, आणि एके दिवशी स्वतःच्या मुलीला गुंडाळलेली चादर सुईदोऱ्याने शिवत बसते. ज्यांचे आईबाप राहिले नाहीत अशी शेजारची मुले हळूहळू तिच्याच घरची होतात. तिने कोणाला वाचवले, असा प्रश्न तेथे उभाच राहत नाही. तिने दार उघडे ठेवले.

प्रश्न : मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी आहे. चित्रपटात धूमकेतू किंवा अशनी येतो तेव्हा जगाला काही महिनेच आधी कळते. हे शक्य आहे का? अणुबॉम्बने तो फोडता येईल का?
एक वाचक, फतेगंज

उत्तर : फोडण्यापेक्षा ढकलणे अधिक शहाणपणाचे, असे सध्याचे विज्ञान मानते. फोडल्यास एकाऐवजी अनेक तुकडे त्याच मार्गाने येत राहण्याचा धोका असतो; पुरेसा आधी हलका धक्का दिला तर मार्गातील थोडासा बदलही वर्षानुवर्षे वाढत जाऊन वस्तू पृथ्वीला चुकवून निघून जाते. याची पहिली प्रत्यक्ष चाचणी 26 सप्टेंबर 2022 रोजी झाली. नासाचे डार्ट हे यान डायमॉर्फस या लहानशा अशनीवर मुद्दाम आदळवण्यात आले. आपल्या मोठ्या सोबत्याभोवती एक फेरी घालायला त्याला आधी 11 तास 55 मिनिटे लागत होती. धडकेनंतर तो वेळ सुमारे 32 मिनिटांनी कमी झाला. या अशनीपासून पृथ्वीला धोका नव्हता. तो केवळ सरावासाठी निवडला होता.

किती आधी कळते, हे आकारावर अवलंबून आहे. मोठ्या वस्तू सहसा वर्षानुवर्षे आधी सापडतात. लहान वस्तू निसटू शकतात, आणि सूर्याच्या बाजूने आल्या तर दुर्बिणींना दिसतच नाहीत. 15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर फुटलेली सुमारे 20 मीटरची उल्का अशीच कोणालाही न सांगता आली. त्या सकाळी जवळजवळ 1500 माणसे जखमी झाली, आणि बहुतेकांना लागल्या त्या खिडक्यांच्या काचा. झगझगीत उजेड कसला म्हणून माणसे खिडकीशी गेली आणि दोनेक मिनिटांनी धक्क्याची लाट पोहोचली. एका शाळेत शिक्षिकेने मुलांना बाकांखाली बसायला सांगितले. मुले बचावली, त्या स्वतः मात्र काचेने कापल्या गेल्या. चित्रपटांनी आकाश पेटलेले पुष्कळदा दाखवले. ही गोष्ट दाखवणारा चित्रपट निघायला हवा, कारण उजेड दिसताच खिडकीपासून दूर व्हावे एवढे एक वाक्य लोकांच्या डोक्यात राहिले तरी पुष्कळ डोळे वाचतील.

प्रश्न : मी आज ऐंशीच्या पुढे आहे. सन 1962 मधील अष्टग्रही मला आठवते. आमच्या घरी तीन दिवस कोणी धड जेवले नव्हते. पुढे स्कायलॅब पडणार म्हणून लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्याचेही ऐकले होते. दोन्ही वेळा काहीच झाले नाही. मग त्या भीतीला काही अर्थ होता का?
एक ज्येष्ठ वाचक, रावपुरा

उत्तर : आपले पत्र या सदरासाठी आलेल्या पत्रांत मला सर्वांत मोलाचे वाटले. फेब्रुवारी 1962 मध्ये सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी हे सात, आणि आठवा केतू, असे सगळे मकर राशीत एकत्र आले. त्याला अष्टग्रही म्हटले गेले आणि देशभर ठिकठिकाणी यज्ञ, जप आणि अखंड पाठ झाले. स्कायलॅब ही अमेरिकेची सुमारे 77 टन वजनाची अंतराळ प्रयोगशाळा 11 जुलै 1979 रोजी, आपल्याकडे रात्र असताना, कोसळली. तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियातील विरळ वस्तीच्या भागात पडले आणि कोणालाही इजा झाली नाही.

त्यानंतर बरोबर एक महिन्याने काय घडले ते आपल्याला आठवत असेल. 11 ऑगस्ट 1979 रोजी दुपारी, मुसळधार पावसानंतर, आपल्याच राज्यातील मोरबीवर मच्छू-2 धरणाचे पाणी आले. धरणाचा मातीचा बांध वाहून गेला आणि हजारो माणसे गेली. जुलैमध्ये सगळा देश मान वर करून आकाशाकडे पाहत होता, आणि ऑगस्टमध्ये मोरबीच्या लोकांना गावाच्या वरच्या अंगाने पाणी येते आहे हे कळायलाही पुरेसा वेळ मिळाला नाही. भीतीला अर्थ होताच. आपण चुकीच्या दिशेला पाहत होतो. जगबुडीच्या चित्रपटांवर माझा सर्वांत मोठा आक्षेपही हाच आहे : ते संकट इतके दूर अंतराळातून आणतात, की नदीची पातळी, धरणाचा सांडवा, गावातला नाला या गोष्टी प्रेक्षकाच्या मनातही येत नाहीत.

आपण त्या तीन दिवसांविषयी आणखी सविस्तर लिहून पाठवावे. कोणत्या देवळात काय चालले होते, शाळा भरल्या की नाही, आईने चौथ्या दिवशी काय रांधले, हे लिहून ठेवणारे आता फार थोडे उरले आहेत.

प्रश्न : अशा चित्रपटांनी जगात कधी काही फरक पडला आहे का? की माणूस तिकीट काढतो, घाबरतो आणि घरी येऊन झोपतो?
एक वाचक, अलकापुरी

उत्तर : एक उदाहरण निर्विवाद आहे. 20 नोव्हेंबर 1983 रोजी अमेरिकेत दूरचित्रवाणीवर 'द डे आफ्टर' दाखवला गेला आणि सुमारे दहा कोटी लोकांनी तो पाहिला. कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावचे शेतकरी, विद्यार्थी, डॉक्टर आणि लग्न ठरलेली एक मुलगी यांच्यावर अणुयुद्ध कोसळते, एवढीच त्याची कथा. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो प्रक्षेपणाच्या काही आठवडे आधीच पाहिला होता आणि त्याने आपले मन फार खिन्न झाल्याची नोंद त्यांनी आपल्या रोजनिशीत केली. चार वर्षांनी, 1987 साली, त्यांनी आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याच्या करारावर सह्या केल्या. चित्रपटामुळे करार झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्यांच्या टेबलावर रोज क्षेपणास्त्रांचे आकडे येत, त्यांना त्या आकड्यांखालचे एक गाव दिसले.

ब्रिटनमध्ये पुढच्याच वर्षी 'थ्रेड्स' आला. त्यात शेफील्ड शहरातील दोन कुटुंबे आहेत. याहून कठोर चित्रपट मी पाहिलेला नाही, आणि सोळा वर्षांखालील मुलांना तो दाखवू नये असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : आपल्याकडे असे चित्रपट का होत नाहीत? मराठीत तर नाहीतच. आपल्याला जगाच्या अंताची कल्पनाच करता येत नाही का?
एक वाचिका, सुभानपुरा

उत्तर : कल्पना करता येत नाही असे कसे म्हणावे? 'जगबुडी' हा शब्दच आपला आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यात खेडजवळून वाहणाऱ्या एका नदीचे नावही जगबुडी आहे. 'आप मेला जग बुडाले' ही म्हण आपण रोज वापरतो. फरक असा, की पुराणांतील प्रलयानंतर पुन्हा सृष्टी उत्पन्न होते, वडाच्या पानावर बाळ पहुडलेले असते. कायमचा शेवट ही कल्पना आपल्या कथापरंपरेला फारशी मानवत नाही. त्याशिवाय खर्चाची अडचण आहेच. ती खरी आहे, पण 'टेस्टामेंट'सारख्या चित्रपटाला खर्च तो किती येणार?

आता एक बडोद्याची गोष्ट सांगतो, कारण ती या विषयाच्या मुळाशी आहे. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनात शिकले. नंतर त्यांनी येथून जवळच असलेल्या गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. 1900 साली तेथे आलेल्या प्लेगात त्यांची पत्नी आणि मूल गेले, आणि ते बडोद्याला परतले. एका साध्या व्यावसायिकाचे सगळे जग एका साथीत बुडाले होते. त्याच माणसाने पुढे 1917 साली पडद्यावर लंका जाळून दाखवली आणि लोकांनी ती पाहण्यासाठी गर्दी केली. 'लंकादहन' पाहताना कोणाला गोध्रा आठवण्याचे कारण नव्हते. पण मी कलाभवनाच्या इमारतीजवळून जातो तेव्हा मला ते आठवते.

साध्या माणसांचे जग बुडण्याचे चित्रपट आपल्याकडे निश्चित झाले आहेत; आपण त्यांना त्या नावाने ओळखत नाही इतकेच. 1965 सालच्या 'वक्त'मध्ये भूकंपाच्या एका धक्क्याने भरले घर विखुरते. सत्यजित राय यांच्या 1973 सालच्या 'अशनि संकेत'मध्ये 1943 चा बंगालचा दुष्काळ आहे. त्यात एकही इमारत पडत नाही, शेते हिरवीगार आहेत, फुलपाखरे उडत आहेत, आणि बाजारातून तांदूळ मात्र नाहीसा होत जातो. अखेरीस खेड्यातील शिक्षक आणि त्याची पत्नी दाराशी येणाऱ्या म्हाताऱ्या ब्राह्मणाला त्याच्या सगळ्या कुटुंबासह आसरा द्यायचे ठरवतात. स्वतःला पुरेल इतके धान्य नसताना! शेजारच्या दाराची माझी कसोटी मी मुळात या चित्रपटावरूनच शिकलो. मल्याळममध्ये जूड अँथनी जोसेफ यांनी 2023 साली केरळच्या महापुरावर '2018' हा चित्रपट केला आणि भारताने तो ऑस्करसाठी पाठवला. त्या पुरात मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून आत गावांत नेल्या आणि हजारो माणसे काढली. ती गोष्ट पडद्यावर आली आहे.

मराठीत चित्रपट नसला तरी कथा आहे. जयंत नारळीकर यांच्या 'यक्षांची देणगी' या संग्रहातील 'हिमप्रलय' या कथेत मुंबईत बर्फ पडू लागतो. ती वाचल्यावर मराठीत विषय नाहीत, असे आपण म्हणणार नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर महिन्याला हॉलमध्ये एक चित्रपट दाखवला जातो. मराठी आणि गुजराती अशी सगळीच कुटुंबे येतात. पावसाळ्याच्या आधी या विषयावरील तीन चित्रपट दाखवावेत असा विचार आहे. कोणते निवडावेत?
एका सोसायटीचे कार्यवाह, समा

उत्तर : पहिला '2018' असावा. तो हिंदीतही उपलब्ध आहे, मुलांना दाखवता येईल, आणि आपल्या भागातील लोकांना त्यातले पाणी ओळखीचे वाटेल. चित्रपटानंतर अर्धा तास राखून ठेवावा, कारण लोक आपापल्या पुराविषयी बोलू लागतील आणि त्यांना मध्येच थांबवणे बरे दिसणार नाही. सोसायटीत दोर कोणाकडे आहे, बॅटरी कोणाकडे, कोणाच्या घरी थंड ठेवावे लागणारे औषध आहे, याची यादी त्याच वेळी करता आली तर उत्तम.

दुसरा 'लास्ट नाइट' असावा. डॉन मॅकेलर यांचा हा 1998 सालचा कॅनडाचा चित्रपट केवळ मोठ्यांसाठी ठेवावा. रात्री बारा वाजता जग संपणार आहे आणि ते का संपणार आहे हे शेवटपर्यंत सांगितलेले नाही. टोरंटोतील काही माणसे ती संध्याकाळ कशी घालवतात, एवढेच त्यात आहे. गॅस कंपनीतील एक मनुष्य कार्यालयात बसून एकेका ग्राहकाला फोन करतो, इतकी वर्षे आमच्याकडून गॅस घेतल्याबद्दल आभार मानतो आणि शेवटपर्यंत पुरवठा चालू राहील असे सांगतो. आमच्या पाहण्यात तो प्रसंग आला तेव्हा पुराच्या रात्रीही कामावर राहिलेल्या पाणीपुरवठ्यातील आणि विजेच्या कामगारांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

'टेस्टामेंट' तिसरा आणि शेवटचा ठेवावा. तो अवघा दीड तासाचा आहे, त्यामुळे साडेआठला सुरू केला तरी वृद्ध मंडळी वेळेत घरी जातील. इंग्रजी संवाद थोडे आहेत, तरी कथा काय आहे हे कोणीतरी सुरुवातीला गुजरातीत आणि मराठीत चार वाक्यांत सांगावे. शेवटी आई, तिचा मुलगा आणि तिने घरात घेतलेला शेजारचा मुलगा एक वाढदिवस साजरा करतात. केक करण्यासारखे घरात काही उरलेले नसते, म्हणून बिस्किटावर मेणबत्ती लावतात. ते दृश्य पूर्ण होईपर्यंत कोणी हॉलमधला दिवा लावू नये, एवढे आधीच सांगून ठेवावे.